मागांच्या शेजारची परेड

निवृत्त झाले तरी अक्कलकोट रोडवरच्या भाजीवाल्या मला अजून ‘परेडच्या बाई’ म्हणतात. शाळेत माझा खरा विषय भूगोल. काळी जमीन, भीमेचं खोरं, अवर्षणप्रवण प्रदेश, हे सगळं मी जन्मभर शिकवलं, पण ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिला तो खाकी गणवेश, टोपीवरचा लाल तुरा आणि माझा आवाज. मध्यंतरी रस्ता ओलांडताना मी नातवाला ‘थांब’ म्हणाले, तर पलीकडे एक रिक्षा कचकन थांबली आणि चालक खाली उतरून ताठ उभा राहिला. माझाच जुना कॅडेट होता. “तुमी परेडचं ‘थम’ म्हणालात वाटलं, बाई,” तो म्हणाला आणि लाजून परत गाडीत बसला.

शाळेतली छात्रसेना म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. सैन्यातले अधिकारी चालवतात अशी छात्रसेनेची एक बटालियन शहरात असते. ती काही शाळांना आठवी-नववीच्या मुलामुलींची एकेक तुकडी देते. आठवड्यातून दोनदा परेड, वर्षातून एक शिबिर, थोडं नकाशावाचन, थोडे प्रथमोपचार. शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन तुकडीचा अधिकारी करतात. आमच्या शाळेत ती अधिकारी मी. लोकांना वाटतं, आम्ही मुलांना सैनिक बनवतो. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी सैन्यात गेले ते मोजकेच. बाकीचे टॉवेलच्या कारखान्यांत, दवाखान्यांत, दुकानांत आणि आपापल्या संसारात आहेत.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट पाय आपटणं नाही, हुकूम देणं आहे. हुकमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवायचा, म्हणजे तुकडी सावरून उभी राहते. मग किंचित थांबायचं. आणि दुसरा भाग एका झटक्यात तोडायचा. घाई केली तर पाय एकत्र पडत नाहीत, उशीर केला तर मुलं डगमगतात. किंचाळून तर अजिबात चालत नाही, आवाज पोटातून यावा लागतो. मी अकलूजकडची. पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाका मारतच वाढले, त्यामुळे आवाज माहेराहून घेऊनच आले होते. पण इतरांना तो शिकवावा लागतो.

मुलं तऱ्हेतऱ्हेची येतात. वळसंगहून एसटीने येणारा महादेव नावाचा एक मुलगा होता. अंगाने दणकट, मनाने सरळ, पण डावं-उजवं काही केल्या कळेना. सगळी तुकडी डावीकडे वळली की हा उजवीकडे, आणि मग समोरासमोर आलेल्या मुलाला आदराने वाट करून द्यायचा. शेवटी मी कारखान्यातून आणलेली चादरीची एक लाल दशी त्याच्या डाव्या मनगटाला बांधली. वर्षभर ती तशीच होती. हल्ली तो एसटी चालवतो. मी विचारलं, “आता रे कसं करतोस?” तर म्हणाला, “आता पब्लिकच सांगतंय की, बाई.”

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचंय, ते माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी तुकडीची प्रमुख कॅडेट होती श्रावणी, नववीतली. तेलुगू विणकर घरातली, काटक आणि घरी-दारी फारसं न बोलणारी. तिला मी हुकूम द्यायला उभं केलं तेव्हा मला स्वतःला खात्री नव्हती. पण तिने तोंड उघडलं आणि व्हरांड्यातली कबुतरं उडाली. एवढ्याशा छातीत तो आवाज कुठे मावत होता, मला अजून कळलेलं नाही.

परेडच्या दिवशी श्रावणीचे वडील अंबादास सायकलवरून यायचे आणि शाळेच्या गेटाबाहेर उभे राहायचे. एमआयडीसीतल्या कारखान्यांत ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मला वाटायचं, मुलीवर लक्ष ठेवायला येतात. एकदा मी गेटाशी जाऊन “काही काम होतं का?” म्हणून विचारलं, तर त्यांनी नुसतं हसून हात जोडले आणि सायकल वळवली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कापडाचा जुना व्यापार, घरात कन्नड, दारात मराठी, कपाळाला भस्म. माणूस भला. त्यांनी चहा मागवला आणि मग म्हणाले, “बाई, जूनपासनं परेड बंद करावी लागतीय बघा.”

मी कप खाली ठेवला.

“मैदान एकच आहे ओ आपल्याकडं. पोरं पत्र्याखाली बसतात, उन्हाळ्यात घेरी येऊन पडतात. तिथं वर्ग बांधू, का मैदान ठेवू? तुम्हीच सांगा की.”

यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या पत्र्याखाली मीच भूगोल शिकवत होते.

“आणि तुम्ही तर आता जाणार,” ते हळूच म्हणाले. “तुमच्यामागं कोण करणार हे?”

बटालियनचा नियम साधा होता. तुकडी ठेवायची तर परेडला जागा हवी, प्रशिक्षणाला जाणारा शिक्षक हवा आणि मुलांची संख्या भरायला हवी. आमच्याकडे जागा जाणार होती, शिक्षक निवृत्त होणार होता, आणि मुलींचे पालक अलीकडे शिबिराला पाठवायला कचरत असल्याने संख्याही घटली होती. एकदा तुकडी दुसऱ्या शाळेला गेली की परत मिळत नाही. वार्षिक तपासणीला बटालियनचे कमांडिंग ऑफिसर येतात, तेव्हा निर्णय होणार होता. मी आप्पांना एवढंच म्हणाले, “तपासणीपर्यंत मला प्रयत्न करू द्या.”

“करा की. मी कुठं नको म्हणतोय,” ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात आशा नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती.

शिक्षकांच्या खोलीत मी विषय काढला, तेव्हा प्रत्येकाला एकदम वह्या तपासायची आठवण झाली. मी कुणाला दोष देत नाही. प्रशिक्षणाला ग्वाल्हेरला जायचं, आठवडेच्या आठवडे घर सोडायचं, पहाटे उठून धावायचं, आणि पगार तेवढाच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवलीला माझ्यामागे आली. नुकतीच लागलेली विज्ञानाची शिक्षिका, सासर अक्कलकोटकडचं, पदरात रांगतं मूल. आवाज इतका मऊ की मागच्या बाकावरची मुलं तिला पुन्हा पुन्हा विचारायची.

“बाई, मी करू का?” ती म्हणाली.

“घरी विचारलंस?”

“नाही अजून.”

दोन दिवसांनी तिच्या सासूबाईच शाळेत आल्या. इरकली लुगडं, हातात पिशवी, वयाने माझ्याएवढ्याच. माझ्यासमोर बसून त्यांनी एकेक प्रश्न विचारला. तिथं बायकाच असतात का? जेवण शाकाहारी मिळतं का? थंडी किती असते? मी उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, आता नकार येणार. सगळं ऐकून त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं.

“मला नर्स व्हायचं होतं,” त्या म्हणाल्या. “मिरजेला जायचं ठरलंवतं. आमच्या वडलांनी पेटी बी आणली. मग स्थळ आलं.” त्यांनी पिशवी उचलली. “जाऊ दे तिला. पोराला मी बघते. पण बाई, तिचा आवाज लई बारीक हाय, तेवढं बघा.”

त्या गेल्यावर मी रिकाम्या खोलीत बसून राहिले. मी माणसं मिळवायला निघाले होते, आणि माणसं माझ्या आधीच निघालेली होती.

मग पालकसभा घेतली. आप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कुणी येणार नाही. कारखान्यातलं काम पीसावर असतं. जितके टॉवेल निघतील तितका पगार, त्यामुळे भर दिवसा सभेला येणं परवडत नाही. पण आले. बायका केसांत कापसाची तूस तशीच घेऊन आल्या. पुरुष दारापाशी उभे राहिले, बसायला सांगितलं तरी बसेनात. मी सगळं सरळ सांगितलं. परेड बंद होणार आहे, टिकवायची तर मुली पाठवा आणि जागा सुचवा. आप्पा बाजूला बसून ऐकत होते.

एक बाई म्हणाली, “शिबिराला पोरी किती दिस बाहेर ऱ्हाणार? कोण बघणार त्यांच्याकडं?”

दुसरीने विचारलं, “परेड करून नोकरी लागती का?”

“खात्री नाही,” मी म्हणाले. खोटं सांगून मुली मिळवायच्या नव्हत्या.

सभा थंड पडत चालली होती. तेवढ्यात मागून अंबादास बोलायला लागले. त्यांचा आवाज एवढा मोठा होता की पुढच्या बायका दचकल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला ऐकू येत नाही. जन्मभर मागांच्या खडखडाटात काम केलेल्या कितीतरी माणसांचं असं होतं. बाहेर ते खुणांनी भागवतात, म्हणून पटकन कळत नाही.

“मला ऐकू येत न्हाई,” ते म्हणाले. “कारखान्यात कान गेले. घरात बायको बोलते, पोरगी बोलते, मला तोंड हललेलं दिसतं. पोरगी मोठी झाली, तिचा आवाज कसा हाय मला म्हाईत नव्हतं. मग ह्या शाळेपुढनं सायकलवर चाललोतो. आणि ऐकू आलं. मी म्हणलं, कोण ओरडतंय? बघतो तर माझी पोरगी.”

श्रावणी दाराशी उभी होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“म्हणून येतो मी गेटाला,” अंबादास म्हणाले. “दुसरं काय काम न्हाई माझं. तेवढंच ऐकतो आणि जातो. बाई, तुमी परेड बंद करू नका.”

मी पुष्कळ वर्षं परेड घेतली. हुकूम कसा द्यायचा हे शिकवलं, पण तो कुठवर पोचतो याचा विचार कधी केला नव्हता. आप्पा उठले. अंबादासजवळ जाऊन, त्यांना दिसेल असं तोंड करून, त्यांनी सावकाश विचारलं, “जागा आहे का कुठं?”

अंबादासनी मान हलवली. “हाय की. आमच्या मालकाची.”

त्या दिवशी जाताना शिबिराची काळजी करणाऱ्या त्या बाईने आपल्या मुलीचं नाव दिलं. तिच्यामागून इतरांनीही दिली. संख्या भरली.

जागा होती एमआयडीसीत, अंबादास ज्यांच्याकडे काम करत त्या श्रीनिवासशेठच्या कारखान्याला लागून. वाढीव शेड बांधायला म्हणून ठेवलेली. चांगली लांबरुंद, पण वेड्या बाभळीने भरलेली. श्रीनिवासशेठ म्हणाले, “शेड काय आत्ता होत नाही. बाजार पडलाय. पोरं नाचू देत.” त्यांनी तसं शाळेला लिहूनही दिलं. सुट्टीच्या दिवशी पालक कोयते, फावडी घेऊन आले आणि बाभूळ निघाली. जुन्या कॅडेटांपैकी एकाने पाण्याचा टँकर आणला, दुसऱ्याने रोलर. पांढरी फक्की मारून आम्ही परेडच्या रेषा आखल्या. मैदान इतकं देखणं झालं की माझी झोप उडाली. आनंदाने, असं मला वाटलं.

पहिल्या परेडलाच कळलं की फसलो. सुट्टीच्या दिवशी माग बंद होते, आता चालू होते. एका कारखान्याचा आवाज नव्हे, त्या सबंध बोळातल्या कारखान्यांचा. खडखडखड, सतत, जमिनीतून पायांत येणारा. श्रावणीने पोटातून हुकूम दिला, तो पहिल्या रांगेला कळला, दुसरीने पहिलीचं बघून केलं, तिसरी तशीच उभी. वळताना सगळी तुकडी विस्कटली. बटालियनचे हवालदार मुलांना तयार करायला आले होते. कानावर हात ठेवून ते म्हणाले, “मॅडम, यहाँ तो तोप भी चलेगी तो पता नहीं लगेगा.”

आम्ही शिटी वाजवून पाहिली, हाताने इशारा करून पाहिला, ढोल आणून पाहिला. काही जमेना. श्रावणीचा घसा बसला. शाळेच्या मैदानावर तोवर नव्या वर्गांच्या पायाचे खड्डे घेतले होते, त्यामुळे मागे फिरायलाही जागा नव्हती.

तपासणीची तारीख बटालियनने ठरवलेली, तीही कामाच्या दिवसाची. मी श्रीनिवासशेठना विचारलं, तपासणीपुरते माग थांबवता येतील का?

“माझे थांबवतो की. पण आजूबाजूचं काय? माझे चार बंद झाले तर फरक काय पडणार?”

त्यांचं बरोबर होतं. आणि सगळ्या बोळाला विचारायचं धैर्य मला झालं नाही. मालक एक वेळ ऐकतील, पण माग थांबला की पोट कामगाराचं मारलं जातं. आमच्या मुलांचे पाय एकत्र पडावेत म्हणून तुमचा हात थांबवा, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी कुणालाच काही बोलले नाही. शिवलीलाला एवढं म्हणाले, “जसं होईल तसं होईल.”

तुकडी राहिली, हे इथेच सांगून टाकते. उगाच कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. आज शिवलीला तिची अधिकारी आहे आणि तिचा आवाजही आता बारीक राहिलेला नाही. जुन्या मैदानावर चांगले पक्के वर्ग झाले. मुलं सावलीत बसतात, याचा आनंद आहे. मधल्या सुट्टीत धावायला त्यांना जागा उरली नाही, याची हळहळही आहे. पण तुकडी कशी राहिली, ते मला सांगायचंय.

तपासणीच्या दिवशी सकाळी कमांडिंग ऑफिसर जीपमधून उतरले. उंच, पिकल्या मिशांचे, डोंगराळ भागातले गृहस्थ. नेहमीसारखा खडखडाट चालू होता. त्यांनी भोवती नजर टाकली, माझ्याशी काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. आप्पा धोतर-टोपीत बाजूला उभे होते. कॅडेट रांगांत होते. श्रावणी पुढे आली, जागेवर उभी राहिली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आधी श्रीनिवासशेठच्या कारखान्याचे माग थांबले. ते अपेक्षित होतं आणि त्याने काही फरक पडला नाही. पण मग त्याच्या पलीकडचा कारखाना थांबला. मग समोरचा. मला वाटलं, वीज गेली. पण वीज जाते तेव्हा सगळं एकदम बंद पडतं. इथे आवाज एकेक थराने उतरत होता. बोळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कारखान्यामागून कारखाना, जसा कुणी चालत चालत प्रत्येक दाराशी जाऊन सांगत असावा. शेवटचा माग कुठेतरी लांब खटखटत राहिला, आणि तोही थांबला.

इतकी वर्षं मी त्या भागात वावरले, पण कामाच्या दिवशी अशी शांतता ऐकली नव्हती. बाभळीच्या उरलेल्या झुडपात साळुंक्या भांडत होत्या, ते ऐकू आलं. कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. माणसं बाहेर आली आणि कुंपणाच्या भिंतीला लागून उभी राहिली. अंगावर तूस, खांद्यावर टॉवेल. बायका, म्हातारे, सगळे. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी बोललं नाही. बोळाच्या टोकाकडून अंबादास सायकल हातात धरून चालत आले आणि इतरांत जाऊन उभे राहिले.

“परेऽऽड,” श्रावणी म्हणाली. थांबली. “सावधान.”

सगळ्या टाचा एका वेळी जमिनीवर आल्या. त्या मैदानावर मुलांचे पाय मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढची परेड मी नीट पाहिली असं म्हणता येणार नाही, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. पण ऐकली मात्र शेवटच्या पावलापर्यंत.

कमांडिंग ऑफिसरनी मानवंदना घेतली. मग हात खाली करून त्यांनी आप्पांना विचारलं, “आज इधर छुट्टी है क्या?”

“नाही साहेब,” आप्पा म्हणाले. “कामाचा दिवस आहे.” टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग कागदावर सही करायची सोडून ते सरळ तिकडे चालत गेले. मी मागोमाग. भिंतीशी जाऊन ते उभे राहिले.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईनेच विचारलं. कडेवर मूल होतं, दुसऱ्या हातात कात्री तशीच राहिली होती.

“साहेब, झालं का पोरांचं? का अजून थांबू?”

साहेबांना मराठी कळत होती की नाही, मला माहीत नाही. त्यांनी टाचा जुळवल्या आणि त्या बाईला सलाम केला. ती गोंधळली, मग कात्रीचा हात कपाळापर्यंत नेऊन तिनेही केला.

“झालं, अक्का,” मी म्हणाले.

“मग जातो आमी,” ती म्हणाली, आणि सगळे आत गेले.